सुभेदाराचं कोपर

लष्कर मोहल्ला, मैसूर
१२ जानेवारी २०२५

श्री विठ्ठल

दिगंबरअण्णांना कमलाक्षीचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून ओरडून माझा घसा बसतो, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर भजनाच्या वहीतलं आणि मराठीत कन्नड घुसतंच, सांभाळून घ्या.

आधी सांगते, सुभेदार जिवंत आहे. आता ईश्वरीला पुढचं वाचू द्या.

गुरुवारी सकाळी मी तुमच्या वरच्या खोल्या झाडायला गेले होते. मागोमाग हा आला, गच्चीच्या कठड्यावर चढला, कबुतरावर झेप घेतली आणि खाली गेला. दोन मजले, अण्णा. मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. इस्त्रीवाल्याच्या पायरीशी बसला होता. पुढचा डावा पाय नुसता लोंबत होता आणि तोंडातून आवाज नाही. तुमचं मांजर एरवी दूध पाच मिनिटं उशिरा आलं तर मोहल्ला डोक्यावर घेतं. ते गप्प बसलेलं बघून मी ह्यांना ओरडून बोलावलं. आमच्या ह्यांनी कापडाची टोपली रिकामी केली, त्यात घालून ऑटोनं येलवालला डॉक्टर वादिराजांकडे नेलं.

कोपराच्या आतलं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, हाड मध्ये मोडलं असतं तर इतकी काळजी नव्हती, पण हे सांध्यातलं आहे. तुकडे केसभर जरी वरखाली बसले तरी जन्मभर लंगडणार. एक तर पाय काढायचा, नाही तर ऑपरेशन. ईश्वरीला फोन केला, ती म्हणाली काकू तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी ऑपरेशन सांगितलं. चुकलं असेल तर मला बोला.

शुक्रवारी झालं. आत एक स्क्रू आणि दोन बारीक तारा आहेत. आता आठ आठवडे पिंजरा. उडी नाही, जिना नाही. पिंजरा डॉक्टरांनीच वापरायला दिलाय, तो आमच्या शिलाईच्या दुकानात कटिंगच्या टेबलाखाली ठेवलाय. सांधा आखडू नये म्हणून सोमवारपासून दिवसातून दोनदा कोपर हळू वाकवायचं. ते मी करणार. सुभेदार माझ्याकडे असा बघतो की मीच त्याला ढकललं.

तुमच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला जपा. वाकू नका.

कमलाक्षी


नाशिक
१८ जानेवारी

कमलाक्षीबाई,

डोळ्यावर पट्टी आहे आणि दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू पुढच्या महिन्यात निघायचाय. तेव्हा बोलतोय मी, लिहितेय ईश्वरी. बापाचं ऐकून निमूट लिहायची वेळ तिच्यावर शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच आली आहे.

चुकलं कसलं? मी तिथं असतो तरी हेच केलं असतं, फक्त जिन्यात पडून माझंही एक हाड मोडून घेतलं असतं. रंगनाथरावांना माझे आभार सांगा. ते आभार मानू देत नाहीत, म्हणून तुमच्यामार्फत.

आता माझे प्रश्न. कडकोळच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो, त्यामुळे 'बरं आहे' या शब्दावर माझं समाधान होत नाही. कोपर किती अंशांत वाकतं? किती सरळ होतं? दुसऱ्या पायाचं किती? पंजा टेकवतो का? टेकवत असेल तर पूर्ण भार देतो की नुसता टेकवतो? भूक कशी आहे? आणि दुखतंय असं वाटलं तरी माणसांची गोळी अजिबात देऊ नका, ती मांजराच्या जिवावर बेतते, असं ईश्वरीनं शोधून काढलंय.

तो मांडीवर नसला की पेपर वाचून होत नाही. सध्या तसाही वाचता येत नाही म्हणा.

दिगंबर

ता. क. काकू, हे मी माझ्या मनानं लिहितेय, बाबांना वाचून दाखवणार नाही. बाबांनी आता इथंच राहावं असं मला आणि माझ्या नवऱ्याला, देवेशला, वाटतं. एकट्या माणसानं दोन जिने चढून राहायचं वय नाही. त्यांचं एकच पालुपद, 'सुभेदाराला कोण बघेल?' त्याचा पाय अधू राहिला तर तो वरच्या खोल्यांत तसाही राहू शकणार नाही ना? तुम्हीच त्याला ठेवून घ्याल का? म्हणजे खोल्या सोडल्याचं मी तुम्हाला रीतसर कळवीन. ईश्वरी.


मैसूर
२७ जानेवारी

श्री विठ्ठल

अण्णा,

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. टाके तेवीस तारखेला काढले, नऊ होते. खातो.

अंश मला कळत नाहीत. मी इंचटेपनं मोजते. कोपर वाकवल्यावर पंजा खांद्यापासून किती इंचांवर येतो ते बघते. चांगला पाय एक इंचावर येतो. दुखरा पहिल्या दिवशी चार इंचांवर होता, नंतर तीन.

उगादीची, आपल्या पाडव्याची, कामं आतापासूनच यायला लागली आहेत. विठ्ठल मंदिरात नवी पेटी आणली, जुनीचा भाता गेला होता. थंडी स्वल्प आहे.

तुम्हाला फोटो बघावासा वाटेल म्हणून भाचीला, स्पंदनाला, ईश्वरीच्या फोनवर पाठवायला सांगितलं.

काळजी करू नका. आणखी काय लिहू.

कमलाक्षी


नाशिक
४ फेब्रुवारी

कमलाक्षीबाई,

हे जाड पेनानं मी स्वतः लिहितोय. एका डोळ्यानं झकास दिसतं. त्या डोळ्यानं मी पहिलं काय केलं असेल तर तुमचं पत्र पुन्हा वाचलं, आणि मग ईश्वरीच्या फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला.

फोटोत सुभेदार खिडकीत बसलाय. डावा पाय पुढे केलाय. पायावर भरगच्च केस आहेत. ऑपरेशनला पाय खांद्यापर्यंत भादरतात आणि ते केस महिनाभर तरी नीट येत नाहीत, हे मी इथल्या जनावरांच्या डॉक्टरला मुद्दाम जाऊन विचारलं. शिवाय खिडकीत दिवाळीचा आकाशकंदील टांगलाय. जानेवारीअखेर तुमच्याकडे आकाशकंदील कसा?

पत्रही पाहिलं. पहिलं पत्र दोन पानं. दुसऱ्यात देवळातल्या पेटीचा भाता आहे आणि सुभेदाराला एक शब्द मिळालाय, 'खातो'. चार इंच, मग तीन इंच, आणि पुढे मोजमाप बंद. कारखान्यात नोंदी अशा मध्येच थांबल्या की मी समजायचो, माल गेला.

तेव्हा मी समजलोय. तो गेला असेल तर तसं लिहा. मला सांभाळून घेण्यासाठी जुने फोटो पाठवू नका. रविवारी ईश्वरीला सांगितलं की मैसूरच्या खोल्या सोडू. बिचारीला इतका आनंद झाला की मला माझं दुःख दाखवताही आलं नाही. पंधरा तारखेला तुम्हाला रीतसर पत्र पाठवायचं ठरलंय. त्याआधी तुमच्या अक्षरात खरं काय ते हवं आहे.

यापुढे पत्र मीच फोडतो आणि मीच वाचतो. मोकळेपणी लिहा.

दिगंबर


मैसूर
८ फेब्रुवारी

श्री विठ्ठल

अण्णा,

अय्यो, जिवंत आहे. जिवंत आहे, जिवंत आहे. तुमचं पत्र वाचून मी सुई दातांत धरलेली विसरले आणि ओरडले, आमचे हे धावत आले. असं मनात आणायचं नाही हो. आत्ता माझ्या पायापाशी पिंजऱ्यात झोपलाय, शेपटीचं टोक बाहेर आहे.

पण मी लपवलं, ते खरं. आता सगळं सांगते.

तेवीस तारखेला टाके काढले. डॉक्टर वादिराज म्हणाले, 'एल्ला चेन्नागिदे', सगळं छान आहे. जखम सुकली होती, अशी बारीक रेघ, मी स्वतः इतकी सफाईदार शिवण घातली नसती. मी आनंदानं घरी आणला. आता आमच्या धंद्याची डोक्यात बसलेली रीत बघा. आधी कच्चा टाका घालतो, मग पक्की शिवण, आणि कच्चा टाका ओढून काढला की कपडा तयार. गिऱ्हाईक अंगात घालून जातं. मला वाटलं, टाके निघाले म्हणजे पाय तयार.

आठ आठवडे सांगितले होते ते मी विसरले नव्हते. खोटं नाही सांगत. पण आपल्या दुकानाचं वेळेवर देण्यात नाव आहे, ते कसं? आठ दिवसांचं काम असलं की आम्ही पंधरा सांगतो. मला वाटलं डॉक्टरही तसेच जादा धरून सांगत असतील. इतका शहाणपणा सुचला मला.

आमचे हे नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. त्याला कुंकवाचं बोट लावलं, ओवाळलं आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. दोन आठवड्यांचा कोंडलेला, तो सुटला, कटिंगच्या टेबलावर चढला. चढला तोवर मी टाळ्या वाजवल्या, अण्णा. मग तिथून खाली उडी मारली. खाली टेकला तेव्हा जो ओरडला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पाय पोटाशी घेऊन कपाटाखाली घुसला.

अर्ध्या तासात येलवालला पोचलो. ऑटोत मी त्याची नाही, माझी भीती धरून बसले होते. वाटत होतं, डॉक्टर म्हणतील आता पाय काढा, आणि तो माझ्या हातानं गेलेला असेल.

पुन्हा एक्सरे. एक बारीक तार मागे सरकलीय, ज्वारीच्या दाण्याएवढी. पण मोठा स्क्रू घट्ट आहे, आणि सांध्याच्या आतला जोड जसा बसवला तसाच आहे, हलला नाही. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक्सरे उजेडावर धरला आणि हाडात एक काळी रेघ दाखवली. म्हणाले, ही रेघ दिसते तोवर हाड जुळलेलं नाही. कातडी दहा-बारा दिवसांत जुळते, टाके तिचे होते. हाडाचे टाके हाड स्वतः घालतं, त्याला दोन महिने लागतात. आणि आता आठ आठवडे आजपासून नव्यानं मोजायचे.

तेव्हापासून पिंजऱ्याला मी दोन कड्या लावल्यात. कोपर वाकवायचं काम डॉक्टरांनी दोन आठवडे थांबवलं होतं, म्हणून मोजमाप बंद होतं. परवा पुन्हा सुरू केलं. साडेतीन इंच. अर्धा इंच माझ्यामुळे मागे गेलो.

लिहिलं का नाही? तुमची पत्रं ईश्वरी वाचत होती. तिनं मागच्या पत्राखाली मला काही लिहिलं होतं, ते मी नाही सांगणार, तिला विचारा. पोरगी वाईट नाही, तुमच्या काळजीनंच लिहिलंय. पण पाय बिघडला असं तिनं वाचलं असतं तर तुम्ही परत आला नसता, आणि ते माझ्यामुळे झालं असतं. म्हणून सुम्ने, नुसतं 'खातो' एवढंच लिहिलं. जुना फोटोही मीच पाठवायला लावला. कंदिलाचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोबत खरा फोटो पाठवते. पाय भादरलेला, सोललेल्या कोंबडीसारखा दिसतो, आणि तोंड तुम्हाला ठाऊक आहेच.

खोल्या सोडायच्या तर तुमच्या मर्जीनं सोडा. पण सुभेदार गेला म्हणून सोडू नका, तो आहे.

कमलाक्षी


नाशिक
१४ फेब्रुवारी

कमलाक्षीबाई,

तुमचं पत्र पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि फाटकातच फोडलं. पहिल्या ओळीला मी तिथल्या तिथे खाली बसलो. शेजारच्यांना वाटलं चक्कर आली. आली नव्हती, हायसं वाटलं होतं.

मग पुढचं वाचलं आणि तुमचा राग आला. टाळ्या वाजवल्यात? चहापर्यंत मी तुमच्यावर रागावलेला होतो, मनातल्या मनात तुम्हाला बरंच बोललो. चहा झाल्यावर पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं, तुम्ही अर्ध्या तासात येलवाल गाठलंत. उद्या बघू म्हणाला असतात तर काय झालं असतं? तपासणीत माझा उभा जन्म गेला. चुका करणारे ढिगानं पाहिले, स्वतः येऊन 'ही मी केली' म्हणणारे थोडेच. तुम्हाला त्याला दोन आठवडे लागले, पण त्याचं कारण मी समजू शकतो.

ईश्वरीला विचारलं. आधी रडली, मग म्हणाली, बाबा, तुम्ही जिन्यात पडाल या भीतीनं मला झोप लागत नाही. हे तिनं मला याआधी कधीच असं सरळ सांगितलं नव्हतं. त्यावर एक दिवस आमचा अबोला झाला आणि दुसऱ्या दिवशी तह. खोल्या सोडण्याचं पत्र फाडलं. मी मैसूरला येणार. बदल्यात जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवायचा आणि रोज सकाळी तिला खुशालीचा निरोप पाठवायचा. जिन्याचं रंगनाथरावांना विचारा.

उजवा डोळा वीस तारखेला. मग महिनाभर प्रवास बंद. म्हणजे मीही पिंजऱ्यातच.

इंच कळवत राहा. अंशांचा आग्रह सोडला.

दिगंबर


मैसूर
२१ मार्च

श्री विठ्ठल

अण्णा,

काल आठ आठवडे झाले. एक्सरे काढला. ती काळी रेघ दिसत नाही. मी तीनदा विचारलं, एल्ली, कुठे आहे, नीट बघा. डॉक्टर हसले, म्हणाले शोधून दाखवा. हाड पूर्ण जुळलंय. सरकलेली तार तिथंच, गुंगी देऊन, पाच मिनिटांत काढून टाकली. बाकीचं आतच राहू द्यायचं, त्रास नाही.

पंजा दीड इंचापर्यंत येतो. डॉक्टर म्हणाले हा अर्धा इंच कायमचा कमी राहणार, थंडीत स्वल्प लंगडेलही, पण मांजराला तेवढ्यानं काही अडत नाही. पाच महिने झाले की पुन्हा कठड्यावर चढायला बघेल, तेव्हा जाळी लावा म्हणाले. जाळीचं आमच्या ह्यांनी कालच माप घेतलं. जिन्याचा कठडाही बसला.

सगळं चांगलं झालं, आणि मी काय केलं ते आता ऐका. डॉक्टरांनी सांगितलं, आजपासून एका खोलीत मोकळा सोडा, उंच सामान बाजूला करा. घरी आणला. परत पिंजऱ्यात घातला आणि दोन्ही कड्या लावल्या. काल दिवसभर उघडलं नाही, आज दिवसभर नाही. कडीला हात लावला की तो ओरडा ऐकू येतो. आमचे हे उघडायला गेले तर मी त्यांच्यावर खेकसले. आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, इतकी मी कधी खेकसले नव्हते.

तुम्ही पाच एप्रिलला येताय. तुम्हीच येऊन उघडा ना. माझ्या हातानं एकदा झालं ते पुरे.

कमलाक्षी


नाशिक
२५ मार्च

कमलाक्षीबाई,

रेघ गेली हे वाचून मी ईश्वरीला पेढे आणायला पिटाळलं. आजूबाजूला वाटलेसुद्धा. मांजराचं हाड जुळलं म्हणून पेढे, असं सांगितल्यावर लोक हळूच घरात जाऊन हसतात, हसू देत.

आता मुद्द्याचं. डॉक्टर मोकळा सोडा म्हणालेत, आणि तुम्ही माझी वाट बघत त्याला आणखी दोन आठवडे कोंडणार? कोपर वापरलं नाही तर आखडेल. तुमच्या बोटांनी चारावरून दीडवर आणलेलं ते पुन्हा दोनावर जाईल, आणि मग तो अर्धा इंच खरोखर तुमच्यामुळे गेलेला असेल.

त्या दिवशी दार उघडलंत म्हणून चूक झाली. आज उघडत नाही म्हणून होतेय. मी येऊन उघडणार नाही. माझ्या गैरहजेरीत त्याला तुम्ही वाचवलंत, रोज दोनदा त्याचे ओरखडे खात कोपर वाकवलंत. तो बाहेर येईल तेव्हा समोर तुम्ही असायला हव्यात.

पत्र हातात पडेल त्या क्षणी उघडा. ही विनंती नाही.

दिगंबर


मैसूर
२९ मार्च, शनिवार

श्री विठ्ठल

अण्णा,

तुमचं पत्र अकरा वाजता आलं. उद्या उगादी, दुकानात गिऱ्हाइकं उभी, तीन ब्लाउजांना हुक लावायचे राहिलेले. मी सगळ्यांना म्हटलं, ऐदु निमिषा, पाच मिनिटं थांबा, आणि दुकानाचं दार आतून लावलं. टेबलावर चढता येऊ नये म्हणून ह्यांनी ते भिंतीशी उभं केलं. दोन्ही कड्या काढल्या. दार उघडलं, आणि मग मला बघवेना. मी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, डोळे मिटून.

काहीच आवाज नाही. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. गिऱ्हाइकांतली एक बाई हळूच जप करत होती. मी म्हटलं, नाही येत का तो?  मग आमचे हे, जे दिवसात चार वाक्यं बोलतात, ते म्हणाले, "कमळे, वळ. चारही पायांवर आहे."

मी वळले. तो दुकानाच्या मधोमध उभा होता. डावा पंजा उचललेला नाही, नुसता टेकवलेलाही नाही, चांगला दाबून जमिनीवर. मला एकदा बघून घेतलं, मग सावकाश चालत गेला, फरशीवर पसरलेल्या एका बाईच्या रेशमी साडीवर बसला आणि तोच पाय चाटायला लागला. ती बाई साडी ओढायला वाकली आणि तशीच थांबली. म्हणाली, राहू दे, त्याचं होऊ दे.

मी मशीनवर डोकं ठेवून रडले, अण्णा, सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही. नऊ आठवडे छातीत अडकलेलं सगळं मोकळं झालं. नंतर तीन ब्लाउजांचे हुक उलटे लावले, परत उसवून लावायला लागले.

आत्ता तो तुमच्या वरच्या खोलीत आहे. जिन्यावरून मी उचलून नेला, तेवढं मी अजून काही दिवस करणार, तुम्ही काहीही म्हणा. उन्हात पसरलाय. तुमच्यासाठी पाच तारखेला स्टेशनवर आमचे हे येतील.

सण झाला की मंगळवारी पिंजरा घेऊन येलवालला जाते, डॉक्टरांना परत द्यायला. एकटीच जाणार आहे. सुभेदाराला न्यायचं आता काही कारण नाही.

कमलाक्षी